नऊ महिरपींचा पंधरवडा

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की मंडईत गवार, भेंडी आणि लाल भोपळा भाव खायला लागतात, आणि त्यांच्या मागोमाग माझा पाराही चढतो. काल शेजारच्या घरातून आमसुलाच्या चटणीचा आणि तळणीतल्या वड्यांचा वास एकदम आला, आणि मला आधी काय आठवलं असेल तर एक पत्र्याचा बोर्ड. लांबच्या लांब, गंजलेला, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेला. लोकांना या दिवसांत त्यांची गेलेली माणसं आठवतात. मला नगरचा कापड बाजार आठवतो, आणि दात आपोआप एकमेकांवर दाबले जातात.

पितृपंधरवड्यात नगरला जायची कल्पना माझी नव्हती. मी इमारतींचे फोटो काढते. पुण्यातले एक निवृत्त वास्तुकलेचे प्राध्यापक, आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतो, जुन्या बाजारपेठांच्या दर्शनी भागांवर पुस्तक करत होते. नगरचे सहा फोटो हवे होते. पाच कुठलेही चालतील, पण सहावा एकाच दुकानाचा. त्यांनी विद्यार्थी असताना त्या दुकानाच्या वरच्या मजल्याचं रेखाटन केलं होतं. सागवानी सज्जा, आणि त्यावर ओळीनं नऊ महिरपी. प्रत्येकीची नक्षी वेगळी. कुठे मोर, कुठे केळफूल, कुठे नुसतीच वेल. पिवळ्या पडलेल्या कागदावरची ती पेन्सिल बघून मला खरंच हेवा वाटला होता.

"पंधरवड्यातच जा," सर म्हणाले. "या दिवसांत नवं कापड कोण घेतं? बाजारात चिटपाखरू नसेल. मोकळा रस्ता, पावसानं धुतलेली हवा, तिरकं ऊन. तुला आणखी काय पाहिजे?"

सरांना नगरला जाऊन चाळीसएक वर्षं झाली होती, हे मी आधी विचारून घ्यायला हवं होतं.

मी उतरले सावेडीला, माझ्या मामेबहिणीकडे. शुभदाताई शाळेत गणित शिकवते, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ती एकाच प्रश्नातून बघते.

"कापड बाजारात? अगं, गाडी कुठे लावशील?"

"मी चालत फिरणार आहे, ताई."

"चालत? तिथे चालायला तरी जागा कुठे आहे? त्यापेक्षा किल्ल्याचे काढ. चांदबीबीच्या महालाचे काढ. पार्किंग आहे."

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी पहिल्या सकाळी दिल्लीगेटपाशी उतरले. कमानीखालून आत गेलं की शहराचा आवाजच बदलतो, हे मला आवडलं. आवडलेल्या गोष्टींची यादी तिथेच संपली. गणपतीच्या मांडवांसाठी रस्त्यात पाडलेले खड्डे तसेच होते. खांबाखांबावर तारांची जंजाळं लटकत होती, कुणा वेंधळ्या बाईनं विणकाम अर्धवट टाकून द्यावं तशी. आणि जिथे म्हणून एखादी जुनी दगडी कमान, एखादा कोरीव लाकडी ब्रॅकेट, एखादी चुन्यातली फुलांची पट्टी वर दिसेल, तिथे बरोबर तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. हात जोडलेले, काळा चष्मा लावलेले भावी नगरसेवक. मी एकदा मोजायला घेतले आणि सोडून दिलं. दाळमंडईत हळदीच्या पोत्यांचा पिवळा धुरळा उन्हात तरंगत होता, मोची गल्लीत चामड्याचा आणि गोंदाचा वास होता, आणि दोन्हीकडे भिंतींवर एसीची यंत्रं बसवलेली. त्यांचं पाणी बरोबर माझ्या लेन्सवर ठिबकत होतं.

त्यात लोकांना मी कोण हे कळेना. गळ्यात कॅमेरा, हातात कागद, नजर वर, आणि बाई बोलत नाही. म्हणजे महापालिकेची. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले की आत शिट्टी वाजायची, आणि दुकानाबाहेर लटकलेले गाऊन, लेगिंग्ज, पुतळे, सगळं क्षणात आत. मला वाटायचं, चला, मोकळा झाला दर्शनी भाग! मी तिपाई उघडेपर्यंत कुणीतरी जवळ येऊन विचारायचा, "मॅडम, अतिक्रमणवाल्या का?" मी मूर्खासारखी खरं सांगायचे. मग पुतळे परत बाहेर.

अशी मी कापड बाजारातल्या त्या दुकानापाशी पोचले. नेमकं म्हणायचं तर दोन दुकानांपाशी. खाली डावीकडे साड्या, उजवीकडे चादरी-पडदे, मध्ये वीतभर जाडीची भिंत. आणि वर, जिथे सरांच्या नऊ महिरपी असायला हव्या होत्या, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याचा एकच बोर्ड. त्यावर दुकानाचं जुनं नाव. त्यातली तीन अक्षरं वाचता येत होती. नक्षीचं टवकाभर लाकूडही दिसत नव्हतं.

साड्यांच्या दुकानात मोठे भाऊ बसायचे, बाळूशेठ. उंच, सडपातळ, पांढरी टोपी. चादरींच्या दुकानात धाकटे, नंदूशेठ. बुटके, गोल, कपाळाला अष्टगंध. अठरा वर्षांपूर्वी वडिलांच्या मागे वाटणी झाली तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला तिसऱ्या मिनिटाला समोरच्या शिवणक्लासच्या बाईंनी सांगितलं. वाटणी खाली-वर सगळीकडे झाली. वरच्या खोलीतही मधोमध भिंत घातली. फक्त वडिलांच्या नावाचा बोर्ड तेवढा सामाईक राहिला.

गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे बाळूशेठनी मला बसवून चहा दिला. मी रेखाटनाची प्रत पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ बघितली.

"हुबेहूब काढलंय," ते म्हणाले. "वडील असते तर खूश झाले असते."

"मला फक्त एक तास हवाय, शेठ. बोर्ड उतरवायचा, फोटो काढायचा, परत लावायचा. माणसं मी आणते."

"माझी काही हरकत नाही. पण बोर्ड एकट्याचा नाही ना. त्यांना विचारा." त्यांनी मान भिंतीकडे केली.

मी पाच पावलं चालून नंदूशेठकडे गेले. तिथेही चहा. तिथेही रेखाटन बराच वेळ बघणं.

"माझं काय आहे बाई, मी आत्ता काढायला तयार आहे. पण मी हो म्हटलं की ते म्हणणार, बोर्डाला हात लावला, नावावर हक्क सोडला. तुम्ही आधी त्यांचं घ्या."

"ते म्हणतात तुमचं घ्या."

"म्हणणारच."

पुढचे अकरा दिवस मी ती पाच पावलं किती वेळा चालले ते विचारू नका. "पंधरवड्यात नवं काही करत नाहीत, घटस्थापनेला बघू," हे एकाचं. "घटस्थापनेपासून बाजार सुरू, तेव्हा कुठे शिडी लावता?" हे दुसऱ्याचं. मी म्हटलं, बरं, बोर्ड राहू द्या, मला वर जाऊन आतून तरी सज्जा बघू द्या. बाळूशेठ म्हणाले, वर माल आहे, पाय ठेवायला जागा नाही. नंदूशेठ म्हणाले, वर उंदरं फार आहेत. मी म्हटलं मी उंदरांना भीत नाही. ते म्हणाले, "जिनाच मोडलाय." त्याच दुपारी त्यांचा नोकर डोक्यावर गठ्ठा घेऊन त्या जिन्यानं उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

रोज सकाळी नऊ ते साडेदहा त्या दर्शनी भागावर ऊन यायचं. शिवणक्लासच्या बाईंच्या खिडकीतून मी ते वाया जाताना बघत बसायचे. मागे आठ मशिनं खडखडत असायची आणि समोर सोन्यासारखं ऊन गंजलेल्या पत्र्यावर सांडत असायचं. रोज संध्याकाळी शुभदाताई विचारायची, "काढलास?" मी मान हलवली की म्हणायची, "तरी म्हटलं किल्ल्याचे काढ."

मी तिच्यावर ओरडले एकदा. नंतर फार वाईट वाटलं. तिनं माझ्यासाठी मुद्दाम अळूवड्या केल्या होत्या.

खरं तर मी ओरडत होते स्वतःवर. बाकीचे पाच फोटोही मनासारखे आले नव्हते. एका फोटोत कमान सुंदर आली होती, पण तिच्या पोटात घंटागाडी उभी. मी या शहराशी भांडत होते, आणि शहराला त्याचा पत्ताही नव्हता. त्याला दुकानं उघडायची होती, चहा प्यायचा होता, पितरांच्या जेवणाला केळीची पानं न्यायची होती. लोक त्या कमानींखालून आंघोळ करून, ओल्या केसांनी, पिशव्या सावरत रोज जात होते, आणि कुणीही मान वर करत नव्हतं. 'बघा की जरा!' असं मला किंचाळावंसं वाटायचं. आज मागे वळून बघते तेव्हा कळतं, की मीही मान खाली करून त्यांच्याकडे बघत नव्हतेच. तेव्हा एवढं शहाणपण नव्हतं. तेव्हा नुसतं डोकं दुखायचं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी हार मानली. सरांना फोन करून सांगितलं, सहावा फोटो होणार नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "महिरपी आहेत ना गं पण आत?"

"असतील. बोर्डामागे सुरक्षित असतील."

"मग झालं. असू देत."

त्यांच्या त्या 'असू देत'नं माझा राग आणखीनच वाढला. मी निरोप घ्यायला म्हणून बाजारात गेले. पावणेदहा वाजले असतील. नवरात्राच्या मांडवाचे बांबू भरलेला एक टेम्पो बाजारात शिरला होता आणि समोरून दुसरी गाडी आली म्हणून मागे येत होता. बांबू मागून हात-दीड हात नव्हे, चांगले पुरुषभर बाहेर आलेले आणि वर उचललेले. "येऊ दे, येऊ दे," असं चार माणसं ओरडत होती, नेहमीप्रमाणे चार वेगवेगळ्या दिशांना हात करून. टेम्पोचं पुढचं चाक गणपतीच्या खड्ड्यात गेलं, मागची बाजू उचलली गेली, आणि बांबूंची टोकं खालून बोर्डात घुसली. कर्र्र असा आवाज झाला. डावीकडचे खिळे उपटले गेले आणि बोर्ड एका टोकानं लोंबायला लागला.

दोन्ही दुकानांतून दोघं भाऊ एकाच वेळी बाहेर आले.

"शेठ, आता उतरवावाच लागंल," टेम्पोवाला खाली उतरून म्हणाला. वाळकीकडचा होता, चेहरा पांढरा पडला होता. "लोंबतोय नुस्ता. कुनाच्या टाळक्यात पडला तर लई वंगाळ हुईल."

"नको!" बाळूशेठ ओरडले.

"दोरीनं बांधा! वर बांधून टाका!" नंदूशेठ त्याच श्वासात ओरडले.

अकरा दिवसांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेही माझ्याविरुद्ध. मी रडायच्या बेतात होते. "अहो, पण आता तर तो आपण होऊन निघालाय!" मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. दोन हमाल शिडी घेऊन आले. एकानं लोंबणारं टोक धरलं, दुसरा दोरी टाकायला वर चढला, आणि त्याच्या वजनानं म्हणा, वाऱ्यानं म्हणा, उरलेले खिळेही सुटले. "सरका, सरका!" बाजार मागे हटला. बोर्ड आडवाच्या आडवा खाली आला, टेम्पोच्या बांबूंवर आपटला आणि रस्त्यात पडला. कुणाला लागलं नाही. धूळ खाली बसायला थोडा वेळ गेला. मी कॅमेरा डोळ्याला लावला होता.

वर महिरपी नव्हत्या.

डावीकडे चार महिरपींच्या जागी विटांचं बांधकाम होतं, गिलावाही न केलेलं. उजवीकडे चारांच्या जागी जुने पत्रे ठोकलेले. दोन्हींच्या मध्ये, बरोबर आतल्या वाटणीच्या भिंतीपुढे, एकच महिरप उभी होती. केळफुलाची. काळीभोर, कोरडी, एकटी.

बाळूशेठ उजवीकडच्या पत्र्यांकडे बघत होते. नंदूशेठ डावीकडच्या विटांकडे बघत होते. दोघांपैकी कुणीही आपल्या बाजूकडे बघत नव्हता. मला कळायला जरा वेळ लागला. मग माझे अकरा दिवस एकदम उलटे होऊन डोळ्यांसमोर आले: जिना, उंदरं, माल, 'त्यांना विचारा'.

"कधी?" शेवटी बाळूशेठनी विचारलं.

"आमच्या मंदाच्या ऑपरेशनच्या वेळी," नंदूशेठ म्हणाले. "तुम्ही सगळे तिरुपतीला गेला होता तेव्हा. पुण्याचा माणूस आला होता, जुनं लाकूड घेणारा. मागच्या बोळानं नेलं." मग ते म्हणाले, "तुम्ही?"

"त्याच्या आधी. पोरीच्या, सुमीच्या लग्नात. तोच माणूस असेल."

"दादा, मला वाटायचं तुमच्या बाजूच्या तरी आहेत."

"मला वाटायचं तुझ्या."

मग बाळूशेठ म्हणाले, "मंदाच्या वेळी मला एक हाक मारायची होतीस."

"तुम्ही सुमीच्या वेळी मारलीत?"

बाळूशेठनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. त्यांना चालायचं नव्हतं असं वाटलं, पण ते चालले. ती पाच पावलं. नंदूशेठच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन ते मटकन बसले आणि म्हणाले, "पाणी दे रे."

नंदूशेठ स्वतः आत गेले. तांब्या-भांडं घेऊन आले आणि भांडं भरताना अर्धं पाणी पायरीवर सांडलं. शिवणक्लासची आठही मशिनं बंद पडली होती आणि खिडकीत बायका दाटल्या होत्या. टेम्पोवाला मात्र बिचारा अजून हात जोडून उभा होता. "शेठ, नुकसान माझ्याच्यानं झालंय, तुमी म्हनाल तसं," तो म्हणत होता. बाळूशेठनी पाणी पिऊन त्याच्याकडे बघितलं. "तू जा बाबा," ते म्हणाले. "तुझ्याच्यानं काही झालं नाही."

मी फोटो काढला का? काढला. तो माझा धंदा आहे. विटा, पत्रे, मधली महिरप, खाली पायरीवर दोघं म्हातारे. सरांना पाठवला. त्यांचा दोन दिवस फोन आला नाही. मग आला. "आठ गेल्या म्हणायच्या," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा त्यांचं वय ऐकू आलं. पुस्तकात नगरचे पाचच फोटो छापले. घंटागाडीवाला धरून.

माझी चिडचिड यावर संपायला हवी होती. पण गेल्या वर्षी पंधरवडा लागला आणि मला राहवेना. ती एक महिरप तरी नीट, सरळ, सकाळच्या उन्हात टिपून ठेवावी, निदान सरांना द्यावी, म्हणून मी पुन्हा नगरला गेले. आता एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं, आणि कंडक्टर "चला, नगर, नगर" ओरडत होता. शुभदाताईनं दार उघडताच सांगितलं, "दिल्लीगेटला पार्किंग आता आणखी वाईट झालंय."

कापड बाजारात वळले आणि जागच्या जागी थांबले. वर नवा बोर्ड. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चकचकीत, दिव्यांची अक्षरं, वडिलांचं नाव, आणि दोन्ही बाजूंना दोघा भावांचे हसरे फोटो. सज्जा, विटा, पत्रे, सगळं त्याच्या पोटात. मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. अठरा वर्षं भांडले तेव्हा झाकून ठेवलं, आणि एकत्र आले तेव्हा आणखी मोठ्यानं झाकलं!

"या, या, फोटोवाल्या बाई!" नंदूशेठ दारातच ओरडले. "बोर्ड बघितला का? रात्री बघायला पाहिजे तुम्ही."

"शेठ, ती महिरप?"

"आहे ना. आत या."

आत दोन दुकानांमधल्या भिंतीला दार पाडलं होतं, आणि त्या दारात केळफुलाची महिरप बसवली होती. त्यांनी तिला सोनेरी ऑइलपेंट दिला होता. हो, सोनेरी. नक्षीच्या वळणावळणात खिळे ठोकून त्यांवर हँगर अडकवले होते, आणि हँगरांना ओढण्या. शंभर वर्षांचं सागवान, त्यावर 'फिक्स रेट'ची पाटी. मी तोंड उघडलं. दोघांना सुनवायचं बरंच काही जिभेवर आलं होतं. तेवढ्यात जामखेडकडची एक बाई चादरी बघून साड्यांकडे निघाली, पदर सावरत, कमरेत वाकून त्या महिरपीखालून गेली. महिरप सज्ज्याच्या मापाची होती, दाराला ठेंगणीच पडायची.

पलीकडून बाळूशेठ येत होते. तेही वाकले, पण उंच माणूस, पुरेसे वाकले नाहीत. टक्क असा आवाज झाला. टोपी तिरकी झाली. कपाळावर आधीचंच एक टेंगूळ होतं.

"अहो, फार ठेंगणी आहे ही," मी म्हटलं. राग होताच आवाजात. "रोज लागत असेल."

"रोज एकदा तरी लागते," कपाळ चोळत बाळूशेठ म्हणाले. "पण येणं-जाणं आहे."